चिंचोक्याएवढे तीन डाग

विश्रामबाग, सांगली
२७ ऑगस्ट १९९६

सयाजी पाटील यांस,

आजवर तुमचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलं, तेही चारचौघींनी दार अडवल्यावर. आज कागदावर लिहिलं आणि हात झडला नाही. पत्राच्या वर जो नमस्कार लिहायचा असतो तो मी सोडून दिलाय. वाकले की तुमच्या पट्ट्याचं बक्कल जिथं लागलं होतं ती जागा अजून ठणकते.

सांगायचं एकच आहे. मला दिवस गेलेत. मे महिन्यातल्या तुमच्या रजेतले. त्या वीस दिवसांत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, पण त्या कामाला बोलावं लागत नाही.

आणि मी घर सोडलंय. हे तुम्हाला आधीच कळलं असेल. तुमच्या आईनं, आत्याबाईंनी, सांगितलं असेल आणि शेजारच्या नाथाजीनं चार पदरचं घालून लिहिलं असेल, की सून सासूचं डोकं फोडून पळाली. डोकं फुटलं हे खरं आहे. कसं फुटलं ते माझ्याकडून ऐका.

जूनमध्ये सकाळच्या ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा मी दात दुखतो म्हणून सांगलीला आले. राहीबाई म्हणजे माझ्या आईची मावसबहीण, इथं डॉक्टर चारुशीलाबाईंच्या दवाखान्यात आया आहे. तिनं मला बाईंसमोर बसवलं. बाईंनी रक्त तपासलं आणि चष्मा काढून विचारलं, "मागच्या वेळी कुणी साखर बघितली होती का?" मागच्या वेळी माझी साखर फक्त मुंग्यांनी बघितली होती. मोरीत मी जिथं बसायची तिथं मुंग्यांची रांग लागायची. आत्याबाई म्हणायच्या, मुंग्या लागणं चांगलं, लक्ष्मी येती.

तेव्हापासून मला दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. बाटली थंड ठेवायची असते. आपल्या घरी फ्रिज कुठला? मी ती माठाखालच्या वाळूत, ओल्या फडक्यात ठेवायची. आत्याबाईंना सांगितलं होतं, ताकदीचं आहे.

नागपंचमीला सकाळी मी सुई भरत होते. त्या दिवशी आपल्याकडं चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमिनीत काही खुपसायचं नाही. मला सगळं ठाऊक आहे, सात वर्षं पाळलंय. आत्याबाई मागून आल्या.

"आगं ए! आज पंचमीला टोचाटोची करतीस? ती बी पोटावर?"

"आत्याबाई, औषध आहे. एक वेळ चुकवून चालत नाही."

"पोटुशीला कसलं औषीद? पोर मारायची सुई हाय ती. एक खाल्लंस, आता दुसरं खातीस व्हय?"

त्यांनी बाटली घेतली आणि पाट्यावर आपटली. दुसरी फडक्यात होती, तीही आपटली. मग माझ्या हातातली सुई ओढली, ती माझ्या तळव्यात तुटली. मी त्यांना ढकललं. दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून. त्या पाट्यावर पडल्या आणि कपाळाला खोक पडली. मी उचलायला थांबले नाही. आपल्या शिराळ्यात माणसं नाग हातात धरून मिरवत होती, गर्दीत माझ्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. मी एसटीत बसले.

मला वाईट वाटत नाही. वाटलं तर कळवीन.

अंजना


विश्रामबाग, सांगली
२२ सप्टेंबर १९९६

सयाजीराव,

तुमचं आंतरदेशीय मिळालं. एवढा मोठा निळा कागद आणि त्यावर चार ओळी. 'आईचं रक्त काढलंस. आहेस तशी घरी जा. बाळंतपण आईच्या हाताखाली होईल, आमच्या घरात सगळ्यांची तशीच झाली. नाही गेलीस तर उंबरा विसर.'

तुमच्या घरात सगळ्यांची तशीच झाली, ही गोष्ट खरी. माझंही तसंच झालं. तुम्ही तेव्हा आसामात होता आणि नंतर कधी विचारलं नाहीत. विचारायच्या आधी पट्टा काढलात. म्हणून आता वाचा. पत्राला तोंड दाबता येत नाही.

लग्नानंतर सहा वर्षांनी मला पहिल्यांदा दिवस गेले होते. आत्याबाईंनी मला फुलासारखं जपलं, हे मी नाकारत नाही. गुऱ्हाळं सुरू झाली तशी रोज सकाळी वाटीभर काकवी, वर तूप. दुपारी नव्या गुळाची पोळी. मला तहान तहान व्हायची, तांब्यावर तांबे रिकामे व्हायचे. त्या म्हणायच्या, "पी, पी. बाळ मागतंय."

फेब्रुवारीत सकाळी सातला तो झाला. खांदे अडकले होते. सुईण माझ्या पोटावर गुडघा देऊन बसली होती. गुऱ्हाळातल्या काट्यावर त्याला जोखलं, पावणेपाच किलो. अख्खी आळी बघायला आली. केवढा गुटगुटीत, म्हणे, जन्मतःच पैलवान. तुम्हाला तार गेली, आणि तुमची उलटी तार आली की नाव शंभूराज ठेवा. त्या तारेवर मी हळदीचं बोट लावलं होतं.

त्या पैलवानाच्या पोटात मात्र कुणी थेंब घातला नाही. पोटातली घाण पडल्याशिवाय पाजायचं नाही, अशी तुमच्या घरची रीत. एक बोट एरंडेल चाटवलं. माझा पहिला चीक आत्याबाईंनी चुलीतल्या राखेत पिळून टाकायला लावला, नासका असतो म्हणून. दुपारपर्यंत तो रडायचा थांबला. आम्हाला वाटलं, शहाणा आहे. संध्याकाळी त्याची हनुवटी थरथरायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी हातपाय झटकायला लागला आणि डोळे वर फिरवले.

आत्याबाईंनी विळा चुलीत घातला.

तुमच्या पोटावर बेंबीच्या भोवती तीन डाग आहेत, चिंचोक्याएवढे. लग्नानंतर मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही हसून म्हणाला होता, "मी बारीक असताना मला झटकं आलं हुतं. आईनं डाग दिला म्हणून वाचलो." अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आत्याबाईंबद्दल लोक म्हणतात, बनुबाईच्या हाताला गुण आहे, सयाजी बघा की, फौजेत गेला.

तसेच तीन डाग त्यांनी त्याला दिले. पहिल्याला तो ओरडला. दुसऱ्याला आवाज आला नाही. मी बाजेवर पडले होते. मला उठता येत नव्हतं.

दुपारी दोनला तो ताठ झाला, निळा पडला आणि गेला. तीस-बत्तीस तासांचा होता. आत्याबाई म्हणाल्या, "उशीर झाला डाग द्यायला." एवढंच म्हणाल्या. मग मला उठता आलं. विळा चुलीत तसाच होता. मी तो घेतला आणि त्यांचा उजवा पंजा जमिनीला दाबून धरला, गुडघा ठेवून, सुईणीनं माझ्या पोटावर ठेवला होता तसा. त्याला जेवढे दिले तेवढेच दिले, एक जास्त नाही. कातडं जळाल्याचा वास सकाळपासून घरात होताच.

पाचव्या दिवशी तुम्ही रजा घेऊन आलात. आईचा हात बघितलात. "माझ्या आईवर हात टाकतीस व्हय गं?" असं म्हणून पट्टा काढलात. ओली बाळंतीण होते मी. दूध गळत होतं आणि तुम्ही मारत होता. गळ्याखालचं हाड मोडलं ते वाकडंच जुळलंय. अजूनही पदर त्या खांद्यावर ठरत नाही.

आता सांगा, कुठल्या उंबऱ्याची भीती घालता?

अंजना


विश्रामबाग, सांगली
५ नोव्हेंबर १९९६

सयाजीराव,

उत्तर नाही. त्याऐवजी नाथाजी आला. जीप घेऊन, बरोबर दोन गडी. दवाखान्याच्या पायरीवर त्यानं माझं मनगट धरलं. "चला वैनी, लय झाली थेरं. दादानं सांगितलंय, उचलून आणा." मी त्याच्या हाताला चावले, तरी सोडेना. मग राहीबाईनं आतून लोखंडी बेडपॅन आणलं आणि त्याच्या डोक्यात घातलं. गडी पळाले. नाथाजीला तीन टाके पडले आणि ते चारुशीलाबाईंनीच घातले, भूल न देता. बाई एरवी फार मऊ आहेत.

उचलून आणा. मी काय उसाची मोळी आहे?

बाईंनी मला माझ्या आजाराचं चित्र दाखवलं, सोनोग्राफीतलं. अंडाशयावर बारीक बारीक गाठी, माळेत ओवल्यासारख्या. त्यामुळं माझी पाळी चार-चार महिने यायची नाही. त्यामुळंच वजन, त्यामुळंच हनुवटीवर केस. ते मी दोऱ्यानं उपटायची आणि तुम्ही मित्रांसमोर म्हणाला होता, "आमच्या घरात दोन दाढ्या करायला लागत्यात." सगळे हसले होते. तुम्हाला आठवत नसेल, मारणाऱ्याला आठवत नाही.

मानेवरचा काळा पट्टाही त्याचाच. तो मळ नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आत्याबाईंनी मला न्हाणीत बसवून टाचा घासायच्या वजरीनं मान घासली होती, रक्त येईपर्यंत. "काय घाण पोरगी दिली आमाला, मान सुदीक धूत न्हाई." मी दुसऱ्या दिवशी स्वतः घासली, त्यांच्यापेक्षा जोरात. मलाही वाटलं मळच आहे.

बाई म्हणाल्या, अशा बायकांना साखरेचा आजार लवकर गाठतो. आईच्या रक्तातली साखर पोटातल्या बाळाला जाते. बाळ ती जिरवायला शिकतं आणि फुगतं. त्याचं ते बाळसं नसतं. नाळ कापली की बाहेरची साखर बंद होते, पण त्याच्या अंगातलं जिरवणं तसंच चालू राहतं. मग त्याची स्वतःची साखर संपते आणि झटके येतात. जन्मल्या जन्मल्या पाजलं, दर दोन तासांनी टाचेतलं थेंबभर रक्त तपासलं, कमी असेल तर शिरेतून साखरेचं पाणी दिलं, की बहुतेक मुलं तरतात.

मी विचारलं, "आणि डाग दिला तर?"

बाईंनी उठून खिडकी लावली.

मला तुमच्याकडून नांदणं नको, माफी नको. एक वचन पाहिजे, तेही लिहून. हे बाळ दवाखान्यात होईल, त्याला लगेच पाजलं जाईल आणि तुमच्या घरातलं कुणी त्याच्याजवळ तापलेलं लोखंड नेणार नाही. तेवढं लिहून द्या. सही करा. दिवाळीची दुसरी कुठलीही ओवाळणी नको.

अंजना


विश्रामबाग, सांगली
३ जानेवारी १९९७

शंभूराजाच्या वडिलांस,

पत्र मिळालं. वचन नाही, पण यावेळी शिवीही नाही. फेब्रुवारीत रजा मिळेल म्हणता, 'तवर काही करू नकोस.' बाळाला तुमच्या रजेची तारीख कोण सांगणार? बाईंनी सत्तावीस जानेवारी ठरवली आहे. पोट कापून काढणार. बाळ मोठं आहे, पण मागच्यासारखं नाही. मी सात महिने गूळ डोळ्यांनी बघितला नाही आणि चारशेच्यावर सुया टोचल्यात. पोट आणि मांड्या चाळणी झाल्यात. तारीख तुम्हाला कळवतेय कारण बापाला कळायला हवी. इतर कुणाला सांगू नका.

आता जे लिहितेय ते मला टाळायचं होतं. म्हणून पान दोनदा फाडलं.

गेल्या आठवड्यात इथं एक बाई बाळंत झाली, माझ्यासारखीच साखरेची. मी इथं कापूस दुमडते, फडकी उकळते, हातासरशी पडेल ते करते. बाई त्या बाळाच्या टाचेला सुई लावत होत्या. राहीबाई नव्हती. बाई सहज म्हणाल्या, "अंजना, जरा पाय धर गं."

मी पाय धरला. एवढासा, गरम. आणि मला कळलं की हा जोर माझ्या बोटांना ठाऊक आहे. मी तो पाय सोडला आणि मोरीत जाऊन हात घासत बसले.

सप्टेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं की मी बाजेवर पडले होते, उठता येत नव्हतं. खोटं आहे ते. मी उठून बसले होते. आत्याबाई म्हणाल्या, "पाय धर गं, हालतंय, नेम चुकंल." आणि मी धरले. दोन्ही पाय, घोट्यापाशी, घट्ट. कुणी जबरदस्ती केली नाही. तुमच्या पोटावरचे ते तीन चिंचोके मी किती वेळा बोटांनी चाचपले होते! ज्या माणसाचे डाग हाताला लागतात तो माणूस जिवंत आहे, यापेक्षा मोठा पुरावा मला कुठला पाहिजे होता? तो ओरडला तेव्हा मी म्हणाले, "झालं रं, झालं माझ्या राजा, आता बरं वाटंल." तिसऱ्या डागाला त्याच्या पायातला जोर गेला. मला वाटलं, गुण आला.

आत्याबाईंचा हात मी जाळला तो त्यांनी डाग दिला म्हणून नाही. माझे हात जाळायची हिंमत झाली नाही म्हणून.

आणि तुमचा मार मी का सोसला, एकदाही ओरडले का नाही, तेही आता कळलं असेल. तुम्ही आईसाठी मारत होता. मी दुसऱ्याच हिशेबात खात होते.

आता तो हिशेब मिटला. या बाळासाठी मी मार खाणार नाही. आलात तर पट्टा दाराबाहेर काढून या. हात उचललात तर इथं कात्र्या भरपूर आहेत आणि उकळून मीच ठेवते.

अंजना


विश्रामबाग, सांगली
१ फेब्रुवारी १९९७

आपल्या मुलीच्या वडिलांस,

मुलगी झाली. सोमवारी सत्तावीसला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. तीन किलो सहाशे. जिवंत आहे, हे आधी लिहिते. मग पुढचं वाचा.

तारीख तुम्ही आईला कळवलीत. मी नको म्हटलं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

बाईंनी तिला लगेच माझ्या अंगावर लावलं. ती दोन घोट ओढून झोपली. नंतर उठवलं तरी तोंड उघडेना. कमरेत सुई दिल्यामुळं माझे पाय मेलेले होते, वरवंट्यासारखे नुसते पडलेले. अकरा वाजता आत्याबाई दारात उभ्या. हातात पिशवी. राहीबाईनं अडवलं, तर म्हणाल्या, "नात बगाय आले. आजी हाय मी तिची." बाई म्हणाल्या, येऊ दे. मी बोलणार तोवर त्या आत आल्या होत्या.

त्यांनी पिशवीतून डिंकाचे लाडू काढले. झबलं काढलं. माझ्याकडं बघितलं नाही. पाळण्यात वाकून म्हणाल्या, "सयाजीचं नाक हाय." आणि तेवढ्यात तिची हनुवटी थरथरायला लागली.

मी ओरडले, "राहीमावशी, बाईंना बोलव!" राहीबाई पळाली. बाई खाली रुग्ण तपासत होत्या. आत्याबाई पाळण्यातल्या हातापायांकडं बघत होत्या. एक हात झटकला, मग दुसरा.

"तसंच," त्या म्हणाल्या. "आगं, तसंच झटकं. ह्या बारीला उशीर न्हाई करायचा."

पिशवीच्या तळाशी फडक्यात विळा होता.

दाराबाहेरच्या कट्ट्यावर सुया उकळायचा स्टोव्ह दिवसभर पेटलेला असतो. त्यांनी पातेलं बाजूला सारलं आणि विळ्याचं टोक जाळावर धरलं. मला दारातून दिसत होतं. लोखंड आधी काळं पडलं, मग टोकाला लाल झालं. मी शिव्या दिल्या, मी पाया पडते म्हणाले, मी तुमच्या नावानं हाक मारली. होय, तुम्हाला. त्या वळल्या आणि आत यायला लागल्या.

यावेळी मला खरंच उठता येत नव्हतं. मी कॉटवरून खाली पडले. सलाईन हातातून उपसलं गेलं, स्टँड माझ्याच डोक्यात आदळला. पोटात काहीतरी टचकन तुटलं. कोपरांवर सरकत मी त्यांच्या पायापर्यंत पोचले आणि पोटरीला चावले. दात आत गेले. त्या किंचाळून माझ्यावर पडल्या. विळा माझ्या दंडावर टेकला. मी तो सोडवला नाही, तसाच हातासकट दाबून धरला. म्हटलं माझ्यावर विझू दे, पण पाळण्यापर्यंत जायला नको. दंडावर आता वितभर डाग आहे. बरं झालं, माझा एक राहिलाच होता.

बाई धावत आल्या. आम्हा दोघींना ओलांडून पाळण्याशी गेल्या. टाचेतून थेंब घेतला. पट्टीवर सव्वीस आलं, म्हणाल्या चाळिसाच्या खाली धोका. हाताच्या शिरेत बारीक सुई घातली आणि पिचकारीतून हळूहळू पाणी सोडलं. आम्ही दोघी फरशीवर होतो. माझं रक्त त्यांच्या लुगड्याला लागलं होतं. कुणी कुणाला सोडलं नव्हतं. आम्ही दोघी फक्त पाळण्याकडं बघत होतो.

हात झटकायचा थांबला. मग हनुवटी. मग ती रडली, चांगली खणखणीत.

आत्याबाईंनी विचारलं, "काय घातलं?"

"साखरेचं पाणी," बाई म्हणाल्या.

"साकर?"

"साखर."

"एवढंच?" त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "एवढंच लागत हुतं व्हय?"

मग त्या फरशीवर बसल्या बसल्या जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहिते. तुम्हाला ते कधी सांगितलेलं नाही.

"सयाजीच्या आदी दोन झाली. दोनी पोरीच. दोनी अशीच थोरली, दोनी झटक्यानं. माज्या सासूनं इळा दिला हातात, म्हणली आईनंच द्याचा असतुया. दिला. दोनी गेल्या. सयाजीला बी दिला, तो ऱ्हायला. मग म्यां म्हणलं, डागानं ऱ्हायला. न्हाई म्हणून कसं चालंल बाई? न्हाई म्हणलं तर त्या दोघी म्यां मारल्या म्हणायचं." मग बाईंकडं बघून म्हणाल्या, "त्यास्नी बी साकरच कमी पडली आसंल का? मला बी लय तहान लागायची. मोरीत मुंग्या यायच्या."

बाई म्हणाल्या, "आता सांगता येणार नाही, आजी." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा गळा दाबावासा वाटत होता आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. माझे टाके उसवले होते, मला उचलून नेलं.

तर सयाजीराव, तुमच्या पोटावर आहे तो तुमच्या वाचण्याचा दाखला नाही. त्या तीन डागांतूनही तुम्ही वाचलात, एवढंच. तुमच्या दोन बहिणी आणि एक मुलगा वाचला नाही. रजेवर आलात की आधी आईसमोर बसा. मारायचं असेल तर कुणाला मारणार ते ठरवून या. मला तर आता कुणी उरलेलं दिसत नाही.

मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांनी मागितलेलीही नाही. उंबरा मी विसरले आहे. महिनाभर इथंच राहीन, मग राहीबाईच्या खोलीत. मुलीला भेटायचं तर इथं या.

एक शेवटचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या प्रहरी बाई पुन्हा टाचेतलं रक्त घ्यायला आल्या. राहीबाई दुसऱ्या बाळंतिणीजवळ होती, मला हात हलवता येत नव्हता. आत्याबाई कोपऱ्यात पायाला पट्टी बांधून बसल्या होत्या. विळा राहीबाईनं अडगळीत कुलूप लावून ठेवलाय. बाई म्हणाल्या, "कुणीतरी पाय धरा."

आत्याबाई उठल्या. माझ्याकडं बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदा. मी पाळण्याकडं बघितलं. मग मानेनंच हो म्हटलं.

त्यांनी उजवा हात पुढं केला. त्यावर मी दिलेले तीन डाग आहेत, चिंचोक्याएवढे. त्या हातानं त्यांनी तिचा पाय धरला. सुई टोचली, ती रडली, आणि त्या तिच्याहून मोठ्यानं रडल्या, पण पाय सोडला नाही. साखर बावन्न आली.

अंजना